नव्या बारमधला गोंगाट आणि सत्तर वर्षं जुना एक प्रश्न

पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न म्हणजे, "टॉपिक कुठून आणायचा?" त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "लिटरेचर वाचा." हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. लिटरेचर वाचून दुसऱ्यांचे प्रश्न कळतात. स्वतःचा प्रश्न बऱ्याचदा रोजच्या एखाद्या गोष्टीकडे जरा जास्त वेळ बघितल्यावर सापडतो. फक्त त्या गोष्टीचं मोजता येईल अशा प्रश्नात रूपांतर कसं करायचं, हे शिकावं लागतं. आज त्याचंच एक उदाहरण बघू. या संशोधनविषयाचं नावच कॉकटेलवरून पडलंय.

समजा, लॅबमधल्या कुणाची तरी व्हायवा झाली म्हणून तुमचा ग्रुप शहरातल्या एका नव्या बारमध्ये गेलाय. शनिवारची संध्याकाळ. वर उघडं काँक्रीटचं छत, एका बाजूला पूर्ण काच, खाली पॉलिश केलेली फरशी, टेबलं लोखंड आणि लाकडाची. पडदे नाहीत, गालिचे नाहीत, टेबलक्लॉथसुद्धा नाही. मेन्यूवर कोकमाचं काहीतरी आहे, फेणी घातलेलं काहीतरी आहे. साडेसातला तुम्ही आरामात गप्पा मारत होता. साडेनऊला जेवण आलं तेव्हा समोरच्याला "काय? काय म्हणालास?" असं तिसऱ्यांदा विचारताय. तरीही, कसं कोण जाणे, समोरच्याचं बरंचसं बोलणं तुम्हाला कळतंय. मागच्या टेबलवरचे चार जण तितक्याच जोरात बोलतायत, पण ते काय बोलतायत हे तुम्हाला सांगता येणार नाही.

या प्रसंगात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत. इथे एवढा गोंगाट का आहे? एवढ्या गोंगाटात ऐकू कसं येतं? आणि ज्यांना येत नाही त्यांचं काय? एकेक घेऊ.

गोंगाट येतो कुठून? आधी खोली

१८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस क्लेमेंट सॅबिन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे एक कटकटीचं काम आलं. तिथल्या फॉग आर्ट म्युझियममधल्या व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्दच कळायचा नाही. एकदा उच्चारलेला आवाज काही सेकंद घुमत राहायचा आणि पुढचे शब्द त्याच्यावर चढायचे. सॅबिनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग थोड्या गाद्या वाढवायच्या आणि पुन्हा मोजायचं. हे सगळं मध्यरात्रीनंतर, बाहेर शांतता असताना. यातून जे सूत्र निघालं ते आजही आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षांत शिकवतात:

घुमण्याचा काळ (सेकंदांत) = ०.१६१ × खोलीचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

एकूण शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो पृष्ठभाग आवाजाचा किती हिस्सा गिळतो तो आकडा, आणि या सगळ्यांची बेरीज. काँक्रीट, काच, फरशी हे जेमतेम दोन-तीन टक्के आवाज शोषतात, बाकीचा परत फेकतात.

आता आपल्या बारचं गणित करू. समजा खोली १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे. घनफळ ६०० घनमीटर. फरशी १५०, छत १५० आणि भिंती २००, असं एकूण ५०० चौरस मीटर क्षेत्रफळ. सगळं कडक, शोषण ३ टक्के धरलं तर एकूण शोषण फक्त १५ चौरस मीटर. सूत्रात टाका: रिकाम्या खोलीत आवाज सुमारे ६.४ सेकंद घुमेल. आता साठ माणसं बसवू. कपडे घातलेलं माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण देतं असं धरलं तर आणखी २७ मिळाले, एकूण ४२. घुमण्याचा काळ २.३ सेकंदांवर आला. गप्पांसाठी अजूनही खूपच जास्त.

आता फक्त छताला ७० टक्के आवाज शोषणारे पॅनेल लावले असं समजा. एकूण शोषण १४२ च्या आसपास जातं आणि घुमण्याचा काळ ०.७ सेकंदाच्या खाली येतो. शिवाय खोलीभर पसरलेल्या गोंगाटाची पातळी ५ डेसिबलपेक्षा थोडी जास्त कमी होते.

सॅबिनकडून शिकण्यासारखी गोष्ट सूत्रापेक्षा वेगळी आहे. "हॉलमध्ये नीट ऐकू येत नाही" ही तक्रार होती. तिच्यात मोजण्यासारखं काहीच नव्हतं. त्याने तिचं "आवाज विझायला किती सेकंद लागतात" यात रूपांतर केलं आणि बदलायला एकच गोष्ट निवडली, गाद्यांची संख्या. तुमच्या प्रपोजलमध्ये "व्हेरिएबल" नावाचा जो रकाना असतो, त्यात नेमकं हेच लिहायचं असतं.

मग माणसं

पण खोली तर साडेसातलाही तीच होती. साडेनऊला काय बदललं? माणसं वाढली, हे झालं सरळ उत्तर. गंमत अशी की फक्त माणसं वाढल्याने जेवढा आवाज वाढायला हवा, त्यापेक्षा तो कितीतरी जास्त वाढतो.

एतिएन लोम्बार्द हा फ्रान्समधला कान-नाक-घशाचा डॉक्टर. कानात गोंगाट सोडला की माणूस आपोआप आवाज चढवतो, त्याला सांगावं लागत नाही, हे त्याने १९११ मध्ये प्रसिद्ध केलं. बहिरेपणाचं सोंग करणारे ओळखायलासुद्धा याचा उपयोग व्हायचा. ज्याला खरंच ऐकू येत नाही तो गोंगाट सुरू केल्यावर आवाज कशाला चढवेल? आज याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात.

आता याचं गणित बघा, कारण फीडबॅक लूप समजून घ्यायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही. बोलणारी माणसं दुप्पट झाली तर ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे पातळी ३ डेसिबलने वाढते. पण गोंगाट १ डेसिबल वाढला की माणूस आपला आवाज समजा अर्धा डेसिबल चढवतो. मग ३ डेसिबल वाढले म्हणून प्रत्येक जण दीड डेसिबल चढवणार. त्याने गोंगाट आणखी दीडने वाढणार. म्हणून पुन्हा पाऊण. ३ + १.५ + ०.७५ + … ही भूमितीय श्रेणी आहे, बेरीज ६. म्हणजे माणसं दुप्पट झाली की ३ नाही, ६ डेसिबल वाढतात. वीस माणसांची चाळीस आणि चाळिसांची ऐंशी झाली तर १२ डेसिबल. १० डेसिबल वाढले की आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घ्या, म्हणजे साडेनऊला काय झालं ते कळेल.

हेच उलट बाजूनेही चालतं. छताच्या पॅनेलने मिळालेले ५ डेसिबल प्रत्यक्षात १० च्या आसपास जातात, कारण गोंगाट कमी झाला की माणसंही हळू बोलायला लागतात.

आणखी एक हिशोब. गोंगाट १२ ने चढला आणि तुमच्या मित्राने आवाज ६ ने चढवला, तर सिग्नल आणि नॉईजमधला फरक ६ डेसिबलने तुमच्या विरोधात गेला. हे ६ परत कसे मिळवायचे? अंतर निम्मं करून. जवळून थेट येणारा आवाज अंतर निम्मं झालं की ६ डेसिबलने वाढतो. गोंगाट वाढला की सगळे टेबलवर पुढे झुकून बोलायला लागतात ते याचसाठी. कुणी लॉगरिदम काढत नाही, पण सगळे बरोबर उत्तर देतात.

तरीही ऐकू कसं येतं?

आता मुख्य प्रश्न. तुमच्या कानाच्या पडद्यावर सगळे आवाज मिसळून एकच दाबाची लाट येते. मित्राचं बोलणं, मागच्या टेबलचं हसणं, शेकरमधला बर्फ, स्पीकरवरचं गाणं, सगळ्यांची एकच बेरीज. बेरीज दिल्यावर मूळचे आकडे ओळखणं गणितात अशक्य असतं. ७ म्हणजे ३ अधिक ४, की ५ अधिक २? मेंदू मात्र हे रोज करतो. कसं?

हा प्रश्न १९५३ मध्ये कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने एका पेपरमध्ये मांडला आणि त्याला "कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम" हे नाव दिलं. त्या काळी विमानतळांवरच्या कंट्रोलरना अनेक वैमानिकांचे आवाज एकाच स्पीकरमधून ऐकावे लागत, त्यामुळे हा प्रश्न केवळ पार्टीपुरता नव्हता.

चेरीने काय केलं बघा, कारण प्रयोगाची आखणी म्हणून हे सुंदर काम आहे. आधी त्याने यादी केली: आवाज कुठल्या मदतीने वेगळे होत असतील? ते वेगवेगळ्या दिशांनी येतात. बोलणाऱ्याचे ओठ आणि हातवारे दिसतात. आवाजाची पट्टी वेगळी असते, बोलण्याची ढब वेगळी असते. आणि वाक्यात पुढे कुठला शब्द येईल याचा अंदाज बांधता येतो. मग त्याने यातल्या मदती एकेक करून काढून घेतल्या. एकाच माणसाच्या आवाजात दोन वेगळे मजकूर रेकॉर्ड केले आणि एकावर एक टाकून दोन्ही कानांना ऐकवले. दिशा गेली, पट्टीतला फरक गेला, ओठ गेले. उरला फक्त भाषेचा अंदाज. लोकांना हे भयंकर कठीण गेलं, टेप पुन्हापुन्हा ऐकावी लागली, पण बरंचसं जमलं. मग त्याने मजकूर ठोकळेबाज वाक्प्रचारांची नुसती माळ करून तयार केला, म्हणजे कुठल्याही तुकड्यानंतर कुठलाही तुकडा येऊ शकेल. झालं, शेवटचा आधारही गेला आणि काम जवळपास अशक्य झालं.

दुसऱ्या प्रयोगात दोन कानांत दोन वेगळे मजकूर. उजव्या कानातला ऐकत ऐकत मोठ्याने म्हणायचा. याला शॅडोइंग म्हणतात. नंतर विचारायचं, डाव्या कानात काय होतं? पुरुषाच्या जागी बाई बोलायला लागली, हे लोकांना कळलं. एकसुरी शिटीसारखा आवाज आला, हे कळलं. पण इंग्रजी बदलून जर्मन सुरू झालं, हे कळलं नाही! म्हणजे दुर्लक्ष केलेल्या कानातून आवाजाचा पोत आत जातो, अर्थ जात नाही.

पण आपलं नाव मात्र…

तुम्ही म्हणाल, मागच्या टेबलवर कुणी आपलं नाव घेतलं तर लगेच कळतं की. नेव्हिल मोरे याने १९५९ मध्ये हेच तपासलं. दुर्लक्ष केलेल्या कानात मध्येच त्या व्यक्तीचं नाव टाकलं. साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. हा निकाल पुढे पाठ्यपुस्तकांत गेला आणि सांगता सांगता "आपलं नाव आपल्याला नेहमी ऐकू येतं" असा झाला. मूळ निकाल काय आहे? दोन तृतीयांश लोकांना ऐकू आलं *नाही*.

मोरेच्या प्रयोगात माणसं खूप कमी होती. नोएल वुड आणि नेल्सन कोवन यांनी १९९५ मध्ये तो जास्त काळजीपूर्वक पुन्हा केला. आकडा आला ३४.६ टक्के. मोरे बरोबर होता. पण हे नीट तपासायला मध्ये छत्तीस वर्षं गेली. "हे तर झालेलंच आहे" असं म्हणून रेप्लिकेशनला कमी लेखू नका, ते यासाठी.

मग पुढचा प्रश्न: ऐकू येणारे ते एक तृतीयांश कोण? २००१ मध्ये कॉनवे, कोवन आणि बंटिंग यांनी लोकांची वर्किंग मेमरी मोजली. अंदाज करा, कुणाला नाव जास्त ऐकू आलं असेल? बहुतेक जण म्हणतात, ज्यांची मेमरी जास्त त्यांना. उलट निघालं. कमी क्षमतेच्या गटात ६५ टक्के लोकांना नाव ऐकू आलं, जास्त क्षमतेच्या गटात फक्त २० टक्के लोकांना. कारण त्यांचं काम दुसऱ्या कानाकडे दुर्लक्ष करणं हे होतं, आणि ते त्यांना चांगलं जमत होतं. "सरासरी किती?" वरून "कुणात जास्त, कुणात कमी, आणि का?" इकडे जाणं, हा प्रश्न पुढे नेण्याचा एक हमखास मार्ग आहे.

दोन कान आणि एक मेंदू

यंत्रणेबद्दल थोडक्यात. एका बाजूने आलेला आवाज जवळच्या कानात आधी आणि लांबच्या कानात नंतर पोहोचतो. डोक्याच्या आकारामुळे हा फरक जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. आपल्याला त्यातला दहा मायक्रोसेकंदांइतका बारीक फरकही कळू शकतो. उंच पट्टीच्या आवाजांना डोकं आडवं येतं, म्हणून लांबच्या कानात ते हळू ऐकू येतात. दिशा या दोन गोष्टींवरून ठरते. एक कान बोटाने बंद करून बारमध्ये गप्पा मारून बघा, फरक लगेच कळेल.

मेंदूत काय होतं याचा थेट पुरावा २०१२ मध्ये नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी दिला. फिट्सच्या आजारावर शस्त्रक्रिया होणार होती अशा रुग्णांच्या मेंदूवर उपचारांसाठी इलेक्ट्रोड ठेवलेले होते. त्यांना एकाच वेळी दोन आवाज ऐकवले आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं. इलेक्ट्रोडच्या सिग्नलवरून ऐकलेल्या आवाजाचा आराखडा पुन्हा उभा केला, तर तो जवळजवळ लक्ष दिलेल्या एकाच व्यक्तीचा निघाला. कानात दोघे येत होते, पण मेंदूच्या त्या भागात एकच उरला होता.

गोंगाट ग्लासपर्यंत पोहोचतो का?

इथे एक पेपर मुद्दाम घेतो, कारण तो वाचायची पद्धत शिकण्यासारखी आहे. २००८ मध्ये निकोला गेगाँ आणि सहकाऱ्यांनी पश्चिम फ्रान्समधल्या दोन बारमध्ये संगीताची पातळी कधी ७२ आणि कधी ८८ डेसिबल ठेवून १८ ते २५ वयाच्या ४० तरुणांचं निरीक्षण केलं. मोठ्या आवाजात बिअरचा एक ग्लास संपायचा सरासरी वेळ १४.५ मिनिटांवरून ११.५ वर आला आणि ग्लासांची सरासरी २.६ वरून ३.४ झाली.

निकाल आकर्षक आहे. आता वाचक म्हणून प्रश्न विचारा. चाळीसच जण, सगळे पुरुष, सगळे बिअर पिणारे, मग "मोठ्या आवाजात लोक जास्त पितात" यातले "लोक" कोण? कारण काय असावं: उत्तेजना वाढते म्हणून, की बोलता येत नाही म्हणून हाताला आणि तोंडाला दुसरं कामच उरत नाही म्हणून? या प्रयोगातून ते वेगळं करता येत नाही. बोलणं सोपं पण संगीत मोठं, अशी तिसरी स्थिती हवी होती. आणि हेही माहीत असू द्या: याच लेखकाच्या इतर काही पेपरांमधल्या आकड्यांवर निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे प्रश्न उभे केले, आणि उंच टाचांच्या चपलांवरचा त्याचा एक पेपर जर्नलने २०१९ मध्ये मागे घेतला. त्यामुळे बिअरचा निकाल आपोआप खोटा ठरत नाही. पण एवढ्या एका पेपरवर आपलं प्रपोजल उभं करायचं का, याचं उत्तर बदलतं. सायटेशनचा आकडा बघून थांबू नका, लेखकाची पुढची वाटचालही बघा.

जेवणाच्या चवीचंही तसंच. २०११ मध्ये वुड्स आणि सहकाऱ्यांना मोठ्या पार्श्वध्वनीत गोड आणि खारट चव कमी जाणवते असं आढळलं. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या यान आणि डँडो यांना विमानाच्या केबिनसारख्या गोंगाटात गोड दबतं, पण टोमॅटोसारख्या पदार्थांतली उमामी चव उठून येते असं आढळलं. दोन्ही निकाल गोडाबद्दल जुळतात. असे जुळणारे आणि न जुळणारे धागे शोधणं म्हणजेच लिटरेचर रिव्ह्यू. पेपरांचे सारांश एकाखाली एक लिहिणं म्हणजे रिव्ह्यू नव्हे.

आणि तुमच्या ग्लासात फेणी आहे की नुसतं कोकम, याने ऐकण्यात फरक पडतो का? पडतो. २००७ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी तीस जणांची श्रवणचाचणी दारू पिण्याआधी आणि नंतर केली, तर पिल्यावर ऐकू येण्याचा उंबरठा वर गेला, विशेषतः खालच्या पट्टीत. म्हणजे रात्र चढते तसा गोंगाट वाढतो आणि त्याच वेळी कान मंद होतात.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय?

इथपर्यंत सगळं गमतीचं वाटलं असेल. आता त्या टेबलच्या टोकाला बसलेल्या, साठीकडे झुकलेल्या सरांकडे बघा. तासाभरापूर्वी ते बोलत होते. आता नुसते हसून मान हलवतायत आणि अधूनमधून मोबाईल बघतायत. त्यांना कंटाळा आलाय असं आपण समजतो. बऱ्याचदा खरं कारण असं असतं की त्यांना शब्द वेगळे करता येत नाहीयेत, आणि चौथ्यांदा "काय?" विचारायला संकोच वाटतोय. घरच्या लग्नात, हॉटेलात आजी-आजोबा असेच हळूहळू गप्प होत जातात. ऐकणं गेलं की त्यापाठोपाठ गप्पांमधली जागा जाते.

श्रवणयंत्र लावूनही हे पूर्ण सुटत नाही, कारण यंत्र आवाज मोठा करतं, आणि मित्राबरोबर गोंगाटही मोठा होतो. कॉम्प्युटरने आवाज वेगळे करायचे प्रयत्न बरेच आहेत. १९९५ मध्ये बेल आणि सेजनोव्स्की यांनी मांडलेली इंडिपेंडंट कॉम्पोनंट ॲनालिसिसची पद्धत प्रसिद्ध आहे. पण तिच्या साध्या रूपाला जितके बोलणारे तितके माइक लागतात, आणि आवाज घुमत असेल तर ती डगमगते. आपला काँक्रीटचा बार म्हणजे तिच्यासाठी सगळ्यात वाईट जागा. डीप लर्निंगने आता एका माइकवरही चांगलं काम होतं. पण तिथे एक अडचण उरते: आवाज वेगळे केल्यावर माणसाला त्यातला *कुठला* ऐकायचाय, हे यंत्राला कसं कळणार? मेसगरानींचं काम इथे परत उपयोगी पडतं, कारण लक्ष कुणाकडे आहे हे मेंदूच्या सिग्नलवरून ओळखता येतं.

आणि तरुणांनी निश्चिंत राहावं असंही नाही. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत दिसली. पण आतल्या कानात पाहिलं तर काही भागातले जवळपास निम्मे सिनॅप्स कायमचे गेलेले होते. शांत खोलीतल्या चाचणीत हे नुकसान दिसत नाही, म्हणून त्याला "छुपा श्रवणदोष" म्हणायला लागले. माणसांत हे कितपत होतं यावर अजून एकमत नाही. काही अभ्यासांत खुणा मिळतात, काही काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत मिळत नाहीत. हा प्रश्न आज खरोखर उघडा आहे.

तुम्ही तिथे तीन तास असता. ट्रे घेऊन फिरणारा मुलगा रोज आठ तास असतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आठ तासांसाठी ८५ डेसिबल आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, तेही पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची मर्यादा घालतं. आपल्याकडच्या नियमांची चर्चा बहुतेक वेळा बाहेरच्या रहिवाशांना होणाऱ्या त्रासापुरती असते. आतल्या कामगाराच्या कानांबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

आता तुमची पाळी

शेवटी, या विषयात मराठीतून शिरता येतील असे काही प्रश्न देतो.

पहिला: गोंगाटात मराठीतले कुठले फरक आधी बुडतात? ल आणि ळ? न आणि ण? क आणि ख? "गेला", "गेली", "गेलं" यांतला फरक शेवटच्या एका स्वरावर उभा आहे. तो हरवला तर ऐकणारा संदर्भावरून भरून काढतो का? चेरीच्या "भाषेचा अंदाज" या मुद्द्याची ही मराठी आवृत्ती झाली.

दुसरा: तुमच्या टेबलवर मराठी आणि शेजारी हिंदी, इंग्रजी की मराठीच? व्हॅन एंगन आणि ब्रॅडलो यांनी २००७ मध्ये दाखवलं की इंग्रजी ऐकणाऱ्यांना मागचा गलका इंग्रजी असेल तर मँडरिनपेक्षा जास्त त्रास होतो. आपल्याला तर तिन्ही भाषा कळतात. मग हिंदीच्या गलक्यात आपल्याला सूट मिळते की नाही?

तिसरा: बारच्या कर्मचाऱ्यांच्या कानांवर एका पाळीत किती आवाज पडतो, आणि छताला पॅनेल लावल्यावर तो किती कमी होतो? वरचं गणित अंदाज देतं. प्रत्यक्ष मोजमाप तुम्ही करायचं.

सुरुवात अगदी साधी असू शकते. नायॉशचं आवाज मोजण्याचं ॲप आयफोनवर मोफत मिळतं. एकाच जागी, दर पंधरा मिनिटांनी, डेसिबल आणि माणसांची संख्या टिपा. माणसं दुप्पट झाल्यावर ३ वाढतात की ६, ते ग्राफवर बघा. संगीताची पातळी मध्येच बदलली तर तेही लिहा, नाहीतर सगळा हिशोब बिघडेल. फक्त पातळी नोंदवा, कुणाचं बोलणं रेकॉर्ड करू नका. माणसांवर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी, डेटा नंतर. श्रवणचाचण्यांबद्दल मार्गदर्शन हवं असेल तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. तिथल्या लोकांशी बोला.

आणि डेटा जमवायचा नसेल तरी एवढं करा: टेबल निवडताना सरांना स्पीकरपासून लांबची, भिंतीलगतची जागा द्या आणि त्यांच्याकडे तोंड करून बोला. ओठ दिसणं ही चेरीच्या यादीतली एक मदत आहे आणि तिला काही खर्च येत नाही.